पहिलं दुकान: आधी गाळा घ्यायचा की आधी कर्ज?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये शालेय साहित्य आणि स्टेशनरीचं दुकान टाकायचं आहे. हातात ४ लाखांची बचत आहे आणि ५ लाखांचं मुद्रा कर्ज हवं आहे. बँक म्हणते, आधी जागेचा करार आणा. गाळामालक म्हणतो, आधी डिपॉझिट भरा, मग करार. इंदिरानगरच्या बाजूला महिना २५ हजार भाड्याचा एक गाळा पसंत पडला आहे. डिपॉझिट भरून टाकावं का?

आत्ता भरू नका. बँक आणि मालक यांच्यातला पेच सुटतो, त्याची रीत पुढे दिली आहे. पण २५ हजार भाडं या धंद्याला झेपतं का, हे अजून कुठेच तपासलेलं दिसत नाही. भाडं ठरल्याशिवाय कर्ज किती घ्यावं हे ठरत नाही आणि हप्ता कळल्याशिवाय भाडं किती परवडेल हे कळत नाही. दोन्ही एकाच कागदावर मांडायला हवं.

स्टेशनरीत सगळा माल मिळून ढोबळ नफा २० टक्के धरू. वह्या-पुस्तकांवर सुटतं कमी, पेन, चित्रकलेचं साहित्य आणि भेटवस्तूंवर जास्त. सुरुवातीला वह्याच जास्त खपतात, म्हणून २० च्या वर धरू नका. आता महिन्याचे न टळणारे खर्च: एक मदतनीस १२,०००, वीज-इंटरनेट-किरकोळ ५,०००, घरासाठी उचल १८,०००. ५ लाख कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १०,८७१. बेरीज ४५,८७१, आणि यात भाडं अजून धरलेलंच नाही.

भाडं १५ हजार असेल तर महिन्याला ६०,८७१ रुपये नफ्यातून निघाले पाहिजेत. २० टक्क्यांनी त्यासाठी ३,०४,३५५ रुपयांची विक्री लागते. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज सुमारे ११,७०० रुपये. सरासरी बिल ९० रुपयांचं धरलं तर रोज १३० बिलं. २५ हजार भाड्याला हाच आकडा महिन्याला ३,५४,३५५ रुपये आणि रोज १५१ बिलं असा होतो. म्हणजे भाड्यातल्या प्रत्येक जादा हजारासाठी पाच हजारांची जादा विक्री लागते. उचलीचे १८ हजार कागदावरून खोडून आकडा बसवण्याचा मोह होईल, तो टाळा. घर चालवायला पैसे लागतातच, आणि मग ते व्यापाऱ्याच्या उधारीतून काढले जातात. नवं दुकान बुडतं ते बहुतेक वेळा इथेच.

आता हे १३० गिऱ्हाईक त्या रस्त्यावर आहे का ते बघायचं. नुसती वर्दळ मोजून कळत नाही. जवळच्या चालू स्टेशनरीच्या दुकानासमोर संध्याकाळी पाच ते आठ थांबा आणि हातात माल घेऊन बाहेर पडणारी माणसं मोजा. हेच शाळा सुटण्याच्या वेळी, एका रविवारी आणि महिनाअखेरीला करा. पहिल्या आठवड्यातली गर्दी बघून ठरवलं तर अंदाज फुगतो. रस्त्याची बाजूही बघा. लोक कामावरून घरी परतताना ज्या बाजूने जातात ती बाजू धंद्याची. सकाळच्या घाईत वही घ्यायला कुणी गाडी थांबवत नाही. मधे दुभाजक असेल तर पलीकडचं गिऱ्हाईक जवळपास नाहीच असं समजा.

शाळेजवळच्या गाळ्याबद्दल एक गोष्ट नीट चौकशी करून घ्या. बऱ्याच खासगी शाळा वह्या, पुस्तकं, कव्हरं, गणवेश असा पूर्ण संच शाळेतूनच देतात. अशा दीड हजार मुलांच्या शाळेशेजारचा गाळा कागदावर सोन्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तिथे खपतात पेन्सिली, प्रकल्पाचे कागद आणि वाढदिवसाच्या भेटी. याउलट अनुदानित शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, शिकवण्या आणि अभ्यासिका असलेला साधा रस्ता वर्षभर गिऱ्हाईक देतो, त्यातून झेरॉक्स आणि प्रिंटआउट ठेवलं तर रोजची ये-जा बांधली जाते. शाळेत संच मिळतो का, हे दोन-तीन पालकांना विचारलं की लगेच कळतं. मालक किंवा दलाल ते सांगणार नाही.

पैशांची वाटणी अशी ठेवा. १५ हजार भाड्याचा गाळा धरला तर सहा महिन्यांचं डिपॉझिट ९०,०००, दलाली एका महिन्याची १५,०००, करार-नोंदणीचा खर्च ५,०००. रॅक, काउंटर आणि फर्निचर १,८०,०००. वायरिंग, इन्व्हर्टर, पाटी, बिलिंगचा संगणक ९०,०००. पहिला माल ३,५०,०००. राखीव १,७०,०००. एकूण ९ लाख. डिपॉझिट, दलाली आणि राखीव रक्कम यांसाठी बँकेचं कर्ज सहसा मिळत नाही. ते स्वतःच्या पैशातून जातं. कर्ज फर्निचर, यंत्रं आणि मालाला मिळतं, म्हणजे वरच्यातल्या ६,२०,००० ला. त्यात ५ लाख बँकेचे आणि १,२०,००० तुमचे, म्हणजे तुमचा हिस्सा सुमारे १९ टक्के. हा हिस्सा दाखवता आला की मंजुरी बरीच सोपी होते. उरलेल्या बचतीतून १,१०,००० डिपॉझिट-दलाली-करारात जातात आणि १,७०,००० राखीव राहतात.

२५ हजारांचा गाळा घेतला तर डिपॉझिटच दीड लाख आणि दलाली २५ हजार. म्हणजे राखीवातले ७० हजार पहिल्याच दिवशी गेले. हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ते भाडं महिन्याच्या खर्चात धरतात आणि डिपॉझिट 'परत मिळणारे पैसे' म्हणून सोडून देतात. परत मिळतील तेव्हा मिळतील. पहिल्या सहा महिन्यांत ते हाताशी नसतात.

आता बँक. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून आहे. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतची पायरी २०२४ मध्ये आली. तुमचं कर्ज किशोरमध्ये बसतं. तारण लागत नाही, पण मुद्रात अनुदानही नाही. 'इतकी फी भरा, मुद्राचं मंजुरीपत्र देतो' असं फोनवर सांगणारा कुणीही असो, तो फसवणारा आहे. अर्ज बँकेच्या शाखेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करायचा. शाखा निवडताना जिथे तुमचं बचत खातं काही वर्षं व्यवस्थित चाललंय ती आधी धरा.

पाच लाख एकरकमी मुदत कर्ज म्हणून घेण्यापेक्षा दोन भाग मागा: फर्निचर-यंत्रांसाठी २,२०,००० मुदत कर्ज आणि मालासाठी २,८०,००० कॅश क्रेडिट. मुदत कर्जाचा हप्ता ४,७८३ होतो. कॅश क्रेडिटवर फक्त वापरलेल्या रकमेचं व्याज. पूर्ण वापरलं तरी महिन्याला सुमारे २,५६७. दोन्ही मिळून ७,३५०, म्हणजे एकरकमी हप्त्यापेक्षा महिन्याला साडेतीन हजारांनी कमी. स्टेशनरीला हे फार उपयोगी, कारण मे-जूनमध्ये माल भरायला पैसे लागतात आणि ऑगस्टनंतर ते मोकळे होतात. पण कॅश क्रेडिटचं मुद्दल आपोआप फिटत नाही, दरवर्षी नूतनीकरण लागतं आणि बँकेला मालाचं विवरण द्यावं लागतं. उचल किती करता येईल तेही मालावर ठरतं. दुकानात ४ लाखांचा माल आहे आणि त्यातला १ लाखाचा व्यापाऱ्याकडून उधार आणलेला आहे, तर उरलेल्या ३ लाखांतून २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा हिस्सा) वजा करून २,२५,००० इतकीच उचल मिळते. मर्यादा २,८०,००० मंजूर असली तरी. हा फरक ऐन जूनमध्ये कळला तर व्यापाऱ्याला दिलेला धनादेश न वटता परत जातो. मुदत कर्जावर तीन महिने हप्तेसूट मागा. त्या काळाचं व्याज लागतंच, ते दर महिन्याला भरत राहिलं तर मुद्दल फुगत नाही.

फाईलमध्ये काय हवं: आधार, पॅन, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), गेल्या बारा महिन्यांचं खातेविवरण, असतील तर आयकर विवरणपत्रं, फर्निचर आणि यंत्रांची दरपत्रकं, मालाच्या दोन घाऊक व्यापाऱ्यांची दरपत्रकं आणि दोन-तीन पानी प्रकल्प अहवाल. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आणि जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते. प्रकल्प अहवाल बाजारातून पाचशे रुपयांना आणलेला नको. त्यात पहिल्याच वर्षी ६० लाखांची विक्री लिहिलेली असते आणि शाखाधिकारी दुसरा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर देता येत नाही. वरचाच हिशेब, १३० बिलं कुठून येणार त्यासह, स्वतःच्या शब्दांत लिहा. दरपत्रकं खरी असू द्या, कारण बँक बहुतेक वेळा पैसे थेट त्या सुताराच्या किंवा व्यापाऱ्याच्या खात्यात पाठवते. पत अहवाल, म्हणजे तुमच्या जुन्या कर्जफेडीची नोंद, आधी स्वतः बघा. प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. जुनं मिटवलेलं एखादं हप्त्याचं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात.

व्याजाचा भार कमी करणाऱ्या योजनाही आहेत. मराठा समाजातल्या आणि स्वतंत्र महामंडळ नसलेल्या घटकांतल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची वैयक्तिक व्याज परतावा योजना आहे; इतर प्रवर्गांसाठी त्यांची त्यांची महामंडळं. अण्णासाहेब पाटील महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र कर्ज घेण्याआधी काढावं लागतं. आधी कर्ज घेतलं आणि मग अर्ज केला तर हातातली संधी जाते. हप्ता आधी तुम्ही वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं, म्हणून महिन्याच्या हिशेबात ही रक्कम धरू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अनुदानाचं नाव लोक पटकन घेतात, पण तो मुख्यतः उत्पादन आणि सेवा उद्योगांसाठी आहे. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाने त्याच्या मागे महिने घालवू नयेत.

आता तो पेच. गाळामालकाला करार नको असेल तर निदान संमतिपत्र द्यायला सांगा. साध्या कागदावर गाळा क्रमांक, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा), भाडं, डिपॉझिट, मुदत, दरवर्षीची वाढ, आणि 'बँकेचं मंजुरीपत्र ४५ दिवसांत न मिळाल्यास टोकन रक्कम पूर्ण परत' हे वाक्य. टोकन १०-११ हजारांच्या वर नको, आणि ते बँकेतून द्या, रोखीने नाही. सोबत मालकाकडून मालमत्ता कराची पावती आणि वीजबिलाची प्रत घ्या. एवढ्यावर बँक अर्ज घेते, अधिकारी जागा बघून जातो आणि 'नोंदणीकृत करार सादर केल्यावर वितरण' या अटीवर मंजुरीपत्र देते. मंजुरीपत्र हातात आलं की डिपॉझिट आणि करार एकाच दिवशी. मालक ४५ दिवस थांबायला तयार नसेल तर भाड्याचा एखादा महिना आगाऊ देऊ करा, डिपॉझिट नव्हे. तरीही ऐकत नसेल तर तो गाळा सोडा.

करार करण्याआधी गाळ्याची जी तपासणी करायची, तिथे घाई केलेली सगळ्यात महाग पडते. सह दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) वर आणि कराच्या पावतीवर मालकाचं नाव एकच आहे का बघा. दोन भावांच्या नावावर असेल तर दोघांची सही. गाळ्यावर कर्ज असेल तर त्या बँकेचं ना हरकत पत्र. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा मागून घ्या, आणि नकाशात तो गाळा दुकान म्हणूनच दाखवलाय का हे बोट ठेवून बघा. बऱ्याच इमारतींत तळमजल्याची पार्किंग किंवा पुढचं सामासिक अंतर (नियमाने मोकळी सोडायची जागा) शटर लावून भाड्याने दिलेलं असतं. महापालिकेने कारवाई केली की सामान भाडेकरूचं रस्त्यावर येतं. नगररचना विभागाकडून रस्ता रुंदीकरणाची रेषा गाळ्याच्या कुठून जाते तेही विचारा.

वीज मीटर घरगुती वर्गात असेल तर तो व्यापारी करून घेण्याची जबाबदारी करारात मालकावर टाका. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे का, हे ग्राहक क्रमांकावरून लगेच दिसतं. चटई क्षेत्र फीतीने स्वतः मोजा; १० फूट बाय १५ फूट म्हणजे १५० चौरस फूट, भले कागदावर २२५ लिहिलेलं असो. दोन गाळ्यांची तुलना नेहमी चटई क्षेत्राच्या दराने करा.

तुमचा माल कागदाचा आहे, म्हणून ओलीकडे खास लक्ष द्या. मागची भिंत आणि शौचालयाला लागून असलेली भिंत तळापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत हाताने चाचपा. रंगाला फुगे आलेत, पांढरी पूड सुटतेय, किंवा त्याच भिंतीला नुकताच नवा रंग दिलाय आणि बाकी भिंती जुन्याच आहेत, तर तिथे पाणी मुरतंय. शेजारच्या गाळेवाल्याला पावसाळ्याबद्दल विचारा. सगळं ठीक असलं तरी रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे आणि खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर घ्या. फुगलेल्या वह्या व्यापारी परत घेत नाही.

करार ३६ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. ११ महिन्यांचा केला तर नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्चही थोडा आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. १५ हजार भाडं ३६ महिने म्हणजे ५,४०,०००, ९० हजारांवर तीन वर्षांचं व्याज २७,०००, बेरीज ५,६७,०००, शुल्क सुमारे १,४१८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. मालकाने टाळाटाळ केली तर हा खर्च सरळ स्वतः उचला. नोंदणी नसलेल्या कागदावर बँक वितरण करणार नाही.

अटींमध्ये भांडून घ्यायच्या त्या चारच. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, मालकाला ३६ महिने आणि तुम्हाला फार तर सहा, नंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता यावं. तयार मसुद्यात हे बहुधा उलटं असतं. भाडेवाढ वर्षाला ५ टक्के, आकड्यांत लिहिलेली. फर्निचरच्या कामासाठी पहिले २०-३० दिवस बिनभाड्याचे. आणि चावी परत दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत, थकबाकी असेल तर तिचा हिशेब लेखी. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतो: १५ हजारांचे १७,७००. तुमची नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठोक दराने कर भरायची योजना) असाल तर तो वजा मिळत नाही, म्हणून 'भाडं जीएसटीसह की वेगळा' हे पहिल्याच भेटीत विचारा. वरच्या हिशेबाने या २,७०० रुपयांसाठी महिन्याला साडेतेरा हजारांची जादा विक्री लागेल.

बाकी परवाने सोपे आहेत. एक-दोन कामगारांच्या दुकानाला दुकाने अधिनियमाखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, तिच्या पावतीवर चालू खातं उघडतं. पाटीवर मराठी देवनागरीत नाव आधी आणि इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसलेलं. फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी ४० लाख वार्षिक उलाढालीपर्यंत सक्तीची नाही; झेरॉक्ससारखी सेवाही दिली तर ही मर्यादा २० लाख. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांवर सप्टेंबर २०२५ पासून करच नाही, पण त्यांची विक्री या मर्यादेच्या मोजणीत धरली जाते.

वेळेचं गणितही लावा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा त्या सहा आठवड्यांत असतो. म्हणजे गाळ्याचा शोध डिसेंबर-जानेवारीत, बँकेचा अर्ज फेब्रुवारीत, करार मार्चअखेरीस, फर्निचर एप्रिलमध्ये आणि माल मेच्या पहिल्या पंधरवड्यात. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरचे किंवा नाशिकमधले घाऊक व्यापारी नव्या दुकानाला पहिल्या हंगामात उधारी देतीलच असं नाही, म्हणून साडेतीन लाखांपैकी निदान दोन लाखांचा माल रोखीने घ्यायची तयारी ठेवा. जूनचा मुहूर्त हुकत असेल तर जुलैत घाईने गाळा घेऊ नका. त्यापुढे मार्चपर्यंत भाडं चालू राहील आणि विक्री परीक्षांच्या दिवसांपुरती.

बँकेने नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'वरून नाही म्हणाले' यावर पुढे काही करता येत नाही. कारण पत अहवालाचं असेल तर दुरुस्ती करून तोच अर्ज दुसऱ्या बँकेत चालतो. कारण विक्रीच्या अंदाजाचं असेल तर रक्कम तीन लाखांवर आणा, जुनं फर्निचर बघा, झेरॉक्स यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या आणि गाळा १० हजारांच्या आतला शोधा. पतसंस्थेचं जास्त व्याजाचं कर्ज काढून २५ हजारांचा गाळा धरून ठेवणं मात्र नको. त्या आकड्यांवर हे दुकान दिवाळीपर्यंतही तग धरत नाही.